दस्ता

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. सुताराच्या घरात कशाला असेल? पण एका बंदुकीचा दस्ता मात्र १९८३ साली महिनाभर आमच्या मेटावर पडून होता. त्या दस्त्याची खरी गोष्ट मला कळली ती चौतीस वर्षांनी, अमेरिकेत, गॅरेजमध्ये प्लास्टिकचा दस्ता पुढ्यात घेऊन बसलो असताना.

गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. भात, भुईमूग आणि नदीकडेला ऊस. डोंगर जवळ, त्यामुळं डुकरांचा उपद्रव पहिल्यापासूनच. वरच्या आळीच्या पाटलांकडं पीक राखणीच्या परवान्याची दुनळी बंदूक होती. बैलगाडीतून पडून तिचा दस्ता मानेशी मोडला, म्हणून ती आप्पांकडं आली, एवढंच मला ठाऊक. मी नऊ वर्षांचा होतो. माझं काम चिमणी धरायचं. आप्पा बंदुकीचा लोखंडी भाग चिमणीच्या ज्योतीवर धरायचे, काजळी बसली की हलक्या हातानं शिसमाच्या नव्या दस्त्यात दाबायचे आणि उचलायचे. लाकडावर काळे ठिपके उठायचे.

“काळं दिसतंय तिथं लोखंड लाकडाला लागतंय. जिथं धराय पायजे तिथं ऱ्हाऊ द्यायचं, जिथं लागाय नको तिथनं काढायचं. बास, एवढंच काम हाय.”

एवढंच काम म्हणायचे आणि दिवसभरात पटाशीनं चिमूटभर भुसा काढायचे. तिफणी, कुळव, गाडीची चाकं कोपऱ्यात पडलेली. ऐन सुगीचे दिवस, शेतकरी येऊन शिव्या घालून जायचे. आप्पा मान वर करत नसत. एका दस्त्यासाठी एवढा वेळ का घालवतात, हे कोडं मला तेव्हाही पडलं होतं.

मेटावर एक बाई यायची, आम्ही तिला आत्ती म्हणायचो. चुलीला ढलप्या न्यायला येई. तिला डुकरानं मारलं होतं, मांडीला सुळा लागून पाय कायमचा अधू झालेला. हे सगळ्या गावाला माहीत. आप्पा तिला कधी रिकाम्या हातानं लावत नसत. दोन-तीन वर्षांनी तिची काठी झिजली की न सांगता नवी करून ठेवत. पैसे घेतलेले मी पाहिले नाहीत. गावात अशा पुष्कळ गोष्टी चालतात, त्याचं कुणी कारण विचारत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. आयटीआय, मग डिप्लोमा, चिंचवडला टूलरूममध्ये नोकरी आणि २००४ साली अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. लाकडाच्या जागी पोलाद आलं, पटाशीच्या जागी लेथ. ग्रीन कार्ड मिळाल्यावर २०१२ साली गावाबाहेर पाच एकरांची जागा घेतली. शेजारी दुधाचा धंदा करणारा एक म्हातारा, पलीकडं मक्याची रानं, मधून दलदल आणि ओकची झाडी. हौसेनं सफरचंदाची बावीस रोपं लावली. पहिल्या हिवाळ्यात हरणांनी त्यातली एकोणीस खाल्ली.

म्हातारा हसला. म्हणाला, “तू त्यांना जेवायला घातलंस, आता त्यांनी तुला घालायला नको?”

तिथं पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत आणि नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीच्या शिकारीचा मोसम असतो. परवाना काढायचा, अंगावर भगभगीत केशरी कपडे घालायचे, ठरलेल्या वेळेतच बार टाकायचा. १९७३ च्या पहिल्या तारखेनंतर जन्मलेल्यांना त्याआधी शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. माझा जन्म ७४ चा, त्यामुळं अडतिसाव्या वर्षी मी बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसलो. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं, नेमाच्या मागं काय आहे ते बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे त्या पोरांना माझ्याआधी पाठ झालं. गावी फोनवर सांगितलं तर आप्पा म्हणाले, “तिकडं चालतंय व्हय हरण मारलेलं? हितं तर आत घालत्यात.”

रायफल घेतली ती दुकानातली सगळ्यात स्वस्त. .३०८ ची, बोल्टची, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. लाकडाचा दस्ता पावसाळी हवेत फुगतो, आखडतो आणि मग नळीला कुठंही टेकतो. प्लास्टिक फुगत नाही, म्हणून ते चांगलं, असं दुकानदारानं सांगितलं. खरंच आहे ते. फुगत नाही. पण वाकतं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोलादात हजारावा भाग मोजणारा मी, पण दस्ता दाबूनसुद्धा बघितला नाही.

चार मोसम बरे गेले. दोन हरणं मिळाली, दोन्ही पन्नास-साठ पावलांवरची.

२०१७ च्या मोसमाचा दुसरा दिवस, रविवारची संध्याकाळ. झाडाला शिडी लावून वर बसायची फळी केलेली असते, आपल्याकडच्या राखणीच्या माळ्यासारखी. समोर आडवा लोखंडी गज. दलदलीच्या कडेनं एक हरणी निघाली, माझ्या डावीकडं तोंड करून. अंतर एकशेतीस यार्ड. हात थरथरत होते म्हणून रायफलचं पुढचं टोक गजावर घट्ट दाबलं, खांद्यामागं नेम धरला आणि चाप ओढला.

ती पडली नाही. पाठ कमानीसारखी उचलून, मान खाली घालून झाडीत चालत गेली. पळाली नाही, चालत गेली. ज्यानं हे पाहिलंय त्याला कळेल. गोळी पोटात लागली होती.

म्हाताऱ्याला फोन केला. तो दिवा घेऊन आला, पण लगेच मागं लागू देईना. म्हणाला, “आत्ता गेलास तर ती उठून मैलभर जाईल. पडून राहू दे.” चार तास स्वयंपाकघरात बसलो. मग रात्री बर्फावरचा माग काढत गेलो. रक्त थोडं आणि त्यात हिरवट पाणी. दलदलीत गुडघाभर गारठलेल्या चिखलातून रात्री एकपर्यंत शोधलं. सकाळी पुन्हा. एका ठिकाणी तिची बसायची जागा सापडली, बर्फ वितळून अंगाच्या आकाराचा खड्डा झालेला. तिथून पुढं दहा हरणांचे पाय एकमेकांत मिसळले. ती सापडली नाही.

उरलेला मोसम मी रायफल बाहेर काढली नाही.

आठवड्याभरानं म्हातारा चहाला आला तेव्हा त्यानं एकच विचारलं, “टेकवली कुठं होतीस?”

मी सांगितलं, टोक गजावर.

“आणि उन्हाळ्यात नेम जुळवलास तेव्हा?”

तेव्हा वाळूची पिशवी मॅगझिनच्या जवळ, दस्त्याच्या जाड भागाखाली होती. तो काही बोलला नाही. उठून रायफल मागितली, बोल्ट काढून रिकामी असल्याची खात्री केली, खिशातून डॉलरची नोट काढली आणि नळी व दस्त्याच्या मधल्या फटीत सरकवली. उजव्या अंगाला ती सरळ गेली. डाव्या अंगाला टोकापासून चार इंचांवर अडली. मग त्यानं अंगठ्यानं दस्त्याचं टोक नळीकडं दाबलं. अख्खी फट मिटली. भोपळ्याच्या वाळक्या सालीसारखं ते प्लास्टिक होतं, आत सगळं पोकळ, नुसत्या पातळ फासळ्या.

इथं जरा समजावून सांगतो. बार उडतो तेव्हा नळी ताठ राहत नाही, थरथरते. देवळातली घंटा वाजवून बघा आणि मग तिला बोट लावून वाजवा. नाद बदलतो. नळीचंही तसंच. तिला कुठंही काही टेकलं नसेल तर ती दर खेपेला सारखीच थरथरते आणि गोळ्या एका ठिकाणी जातात. कधी टेकतंय, कधी नाही, कधी जास्त दाबतंय असं झालं की प्रत्येक गोळीचं निराळं.

त्याच दुपारी त्याच्या रानात बांधाला कागद लावला, शंभर यार्डांवर. आधी दुर्बिणीचे स्क्रू तपासले, कारण म्हाताऱ्याच्या मते दहातल्या पाच तक्रारी तिथंच मिटतात. ते घट्ट होते. मग पिशवी मॅगझिनजवळ ठेवून तीन गोळ्या मारल्या. दीड इंचात बसल्या. मग टोक फळीवर दाबून तीन. पुंजका साडेतीन इंच उजवीकडं सरकला आणि जरा वर. दस्ता डावीकडून नळीला रेटत होता, म्हणून उजवीकडं. हरणीचं तोंड डावीकडं होतं. उजवीकडं म्हणजे पोट.

साडेतीन इंच शंभराला, म्हणजे एकशेतीसला साडेचार. बाकीचं माझ्या हातांनी केलं असणार. तो हिस्सा माझाच आहे. पण दस्ता आधी दाबून बघितला असता तर साडेचार इंच तरी वाचले असते.

रात्री गावी व्हिडिओ कॉल लावला. आप्पा सत्याहत्तर वर्षांचे, नजर शाबूत, हात थरथरणारे. दस्ता काढून त्यांना दाखवला.

“हे प्लाष्टिक व्हय? दाब बघू.” मी दाबलं. “आरं, ह्यो दस्ता हाय का चिपाड?”

मग हरणीचं सांगितलं. ते गप्प झाले. मला वाटलं रेंज गेली.

“आप्पा?”

“हाय.” आणि मग म्हणाले, “तुला पाटलाची बंदूक आठवत्या? तू चिमणी धरायचास.”

“आठवतीय की.”

“तू चिमणी धरलीस त्यो दुसरा दस्ता.”

पहिला दस्ता त्यांनी त्याच्या आदल्या पावसाळ्यात केला होता. मोडलेल्या दस्त्याचे तुकडे जुळवून माप घेतलं, पण बाक पुरता आला नाही. जुन्यापेक्षा सरळ झाला. दुनळी बंदुकीला मागचं माळं नसतं, नेमणाऱ्याचा डोळा हेच मागचं माळं. दस्ता सरळ झाला की गाल वर राहतो, डोळा वर राहतो आणि बार वरनं जातो. पाटील दोनदा सांगून गेले, “सुतार, बार वरनं जातुया.” आप्पा म्हणाले, “बघू, सुगी झाल्यावर. ऱ्हाऊ द्या तवर.” गाड्यांची कामं पडली होती.

“पाटलानं सांजचं भुईमुगात डुकरावर बार टाकला. पाठीवरनं चाटून ग्येला. डुक्कर उसात घुसलं. सकाळी आत्ती बांधाकडंनं वैरणीला चालली हुती.”

मी काही बोललो नाही. तेच पुढं म्हणाले, “पाटील मला कायबी बोलला न्हाई. आत्तीलाबी म्हाईत न्हवतं. कुणालाच न्हवतं. मी दस्ता परत आणला आन् नवा क्येला.”

“आईला माहीत होतं?”

“न्हाई.”

आत्ती जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

आता काम. ज्याला असल्या कामात रस नाही त्यानं हा भाग ओलांडला तरी चालेल, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर-जानेवारीत विस्कॉन्सिनमध्ये दुसरं काही करायला नसतंही.

पहिलं, पन्हळ मोकळी करणं. नळी ज्या खोबणीत बसते तिला मी पन्हळ म्हणतो. नळीपेक्षा जरा जाड गोल दांडक्याला पॉलिशपेपर गुंडाळला आणि डाव्या अंगानं घासत गेलो. कुठं घासायचं ते कळायला काजळ हवं. रॉकेलची चिमणी कुठून आणू? मेणबत्तीवर चमचा धरून काजळ धरलं, तेलात खललं आणि बोटानं नळीला लावलं. दस्ता चढवायचा, टोक दाबायचं, काढायचा, काळं बघायचं. चौथ्या की पाचव्या खेपेला वासानं मेटाची अशी काही आठवण झाली की बायकोनं दार उघडून विचारलं, काय झालं. नाकात धूळ गेली म्हटलं. तोंडाला फडकं होतं, त्यामुळं ते खोटं होतं हे तिला कळलं असणार.

पण नुसतं घासून भागत नाही. जेवढं घासाल तेवढं प्लास्टिक पातळ होतं आणि जास्त वाकतं. पुष्कळजण इथंच थांबतात आणि मग काही फरक पडला नाही म्हणून रायफलला शिव्या देतात. आधी पोकळीला कणा हवा. फासळ्यांना भोकं पाडून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कांबी लांबीभर बसवल्या आणि भोवती एपॉक्सी ओतलं. असल्या गुळगुळीत प्लास्टिकला एपॉक्सी नीट चिकटत नाही. म्हणून आतून खरखरीत घासायचं, बारीक भोकं पाडायची, म्हणजे ते आत शिरून दात धरून बसतं. भिंतीला गिलावा करण्याआधी टाचे मारतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं दाबलं. हललं नाही. दोन्ही हातांनी दाबलं तरी हललं नाही.

दुसरं, जिथं धरायला पाहिजे तिथं धरणं. हा कामाचा अर्धा भाग लोक विसरतात. नळी मोकळी, पण तिच्या मागचा पोलादी भाग, ज्याला अ‍ॅक्शन म्हणतात, तो मात्र दस्त्यात तसूभर हलता कामा नये. तो दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. प्लास्टिक आवळलं की दबतं, आज एवढं तर उद्या तेवढं. म्हणून लेथवर अ‍ॅल्युमिनियमची दोन बुशं काढली आणि स्क्रूंच्या भोकांत बसवली. गाडीच्या तुंब्यात बूश असतं, तसंच. आता पोलाद धातूवर आवळलं जाणार, प्लास्टिकवर नाही.

अ‍ॅक्शनच्या खाली धक्का झेलणारा एक दात असतो. त्याच्या मागची बाजू दस्त्याला अंगभर टेकायला हवी. तिथं एपॉक्सीचा बिछाना करायचा. त्यात मोठा धोका एकच, अ‍ॅक्शनच त्यात कायमची चिकटायची. म्हणून एपॉक्सी लागणार तिथं पोलादाला बुटाचं मेणाचं पॉलिश तीनदा चोळलं. सगळी भोकं आणि खाचा पोरांच्या खेळायच्या मातीनं बुजवल्या, कारण एपॉक्सी खाचेत शिरलं की पॉलिशही वाचवत नाही. दाताच्या पुढं, बाजूंना आणि खाली चिकटपट्टी लावली, म्हणजे तिथं फट राहील. मागं लावली नाही. नळीला टोकाकडं टेपचे वेढे दिले, म्हणजे ती पन्हळीच्या बरोबर मधोमध राहील. स्क्रू नुसते हातानं टेकवले, आवळले नाहीत. आवळले तर दस्ता वाकलेल्या अवस्थेत ते घट्ट होतं आणि केलेलं सगळं वाया.

चोवीस तासांनी काढायला गेलो तर निघेना. घाम फुटला. म्हाताऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “फ्रीजरमध्ये ठेव.” हरणाचं मटण ठेवायचा मोठा फ्रीजर होता, त्या वर्षी रिकामाच. तासाभरानं बाहेर काढून तळहातानं एक थाप मारली आणि टक् करून सुटलं. आत दाताचा ठसा असा उठला होता, जसा पेढ्यावर छापा.

मार्चमध्ये बर्फ उतरल्यावर बांधाला पुन्हा कागद लावला. स्क्रू पुस्तकातल्या मापाला टॉर्क पान्यानं आवळले. पाच गोळ्या पिशवीवरून, पाच फळीवर टोक दाबून. दोन्ही पुंजके सव्वा इंचाच्या आसपास आणि दोघांच्या मध्यात अर्ध्या इंचाचाही फरक नाही. म्हाताऱ्यानं कागद उन्हाकडं धरून पाहिला आणि घडी करून आपल्याच खिशात घातला.

रायफल सुधारली म्हणून हात सुधारत नाहीत. त्या उन्हाळ्यात दर रविवारी वीस गोळ्या मारल्या, बसून, गुडघ्यावर, गजावर. अंतराची एक मर्यादा स्वतःला घातली, शंभर यार्ड. हात थरथरत असले तर पन्नासलाही नाही.

२०१८ च्या मोसमात पाच दिवस बसलो आणि चार वेळा चाप न ओढता उतरलो. सहाव्या दिवशी ऐंशी यार्डांवर एक तरणा नर आला. गजावर टोक टेकवलं, श्वास सोडला.

घरी येऊन आधी गावी फोन लावला. आप्पांनी शिंगं किती मोठी, मटण किती निघालं, काही विचारलं नाही.

“बार लागल्यावर किती पावलं ग्येलं?”

“बावीस. मोजली.”

“हं,” म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

जानेवारीत गावी गेलो तेव्हा दस्त्याचे फोटो बरोबर नेले होते, मोठे छापून. आप्पांनी ते खाटेवर मांडून चष्मा लावून एकेक बघितले. बिछान्याचा फोटो बराच वेळ हातात धरला. मग पन्हळीच्या फोटोवर नख टेकवलं.

“ह्या उजव्या कडंला हात वाकडा चाललाय तुझा. फिरून घासायला पायजे हुतंस.”

मी बघितलं. टोकापासून दोन बोटांवर कड खरंच वाकडी होती. वर्षभरात ना मला दिसली, ना म्हाताऱ्याला.